तुम्ही विचारलंत म्हणून: आईला झोपेची गोळी का देत नाही?

दिली होती. डॉक्टरांनीच लिहून दिली होती, अल्प्राझोलाम, रात्री अर्धी. सुरुवातीला घर शांत झालं, हे नाकारत नाही.

मग एका रात्री तीनच्या सुमारास कडीचा आवाज आला. आई दारात, पदर खोचलेला, हातात बादली. "संडासला नंबर लावते, नंतर गर्दी होईल." आम्ही कांदिवलीत, सातव्या मजल्यावर. गिरगावची चाळ पाडूनही वर्षं झाली. मी दंड धरला तर तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" तेवढ्यात उंबऱ्यावर पाय लटपटला, ती बसली ती धप्पकन, बादली जिन्यावरून खाली. सकाळी तिला यातलं काही आठवत नव्हतं. गुडघा का दुखतोय, एवढंच विचारत होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी एकदम न तोडता हळूहळू उतरवली. म्हातारपणी या गटातल्या गोळ्यांचा अंमल लांबतो. पडणं, भ्रम, विसराळूपणा वाढतो. म्हणून जमेल तिथे टाळा, असं ते म्हणाले.

म्हणजे झोपेला महत्त्व नाही असं नाही. पूर्वी मीच सांगायचे, "वय झालं की झोप कमीच लागते." पासष्टीनंतरही सात-आठ तास लागतातच, गाढ झोप मात्र आटत जाते, आणि दिवसभराचं लक्षात राहायला तीच लागते. पण गोळीची गुंगी म्हणजे ती गाढ झोप नव्हे.

२०२१ साली एका ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष आले. जवळपास ८,००० माणसं, २५ वर्षं. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ३० टक्के जास्त. कमी झोपेमुळे मेंदू बिघडतो, की बिघडू लागलेला मेंदू झोपू देत नाही, याचा निकाल त्यातूनही लागत नाही. पण पन्नाशीची कोण? आई नव्हे, मी. तीनला तिच्याबरोबर उठून सकाळी चर्चगेट लोकल पकडणारी. माझ्या झोपेचं आजवर कोणी विचारलेलं नाही.

हल्ली आईला सकाळी उन्हात बसवते, दुपारी अर्ध्या तासात उठवते, चारनंतर चहा बंद (त्यावरून रोज भांडण). फरक? कधी वाटतो, कधी नाही. उरलेली पट्टी अजून कपाटात आहे. फार दमले की हात तिकडे जातो, खोटं कशाला बोलू.

तेव्हा पुढच्या वेळी विचारायच्या आधी एखाद्या शनिवारी रात्री आमच्याकडे राहायला या. गादी घालून ठेवते. कडीच्या आवाजाला उठायचं मात्र तुम्ही.