'काही नाही होत' म्हणणाऱ्यांनो, जरा गप्प बसा

क्लाइंबिंगच्या भिंतीवर, टॉप रोपवर मी झपाझप चढायचे. दोरी वरून येते, हात सुटला तरी थोडंसंच खाली येतो, मग भ्यायचं कशाला? लीड सुरू झालं आणि चौथ्या क्लिपखाली सगळं अडलं. लीडमध्ये दोरी खालून येते, आणि वाटेतल्या क्विकड्रॉमध्ये, म्हणजे भिंतीवर लटकणाऱ्या दोन कड्यांच्या पट्टीत, ती आपणच अडकवत जायची. अशी एकेक जागा म्हणजे एक क्लिप. तिसरी क्लिप पायाखाली गेली की पुढे एकच मूव्ह: डावा पाय बारक्या होल्डवर, म्हणजे भिंतीवरच्या धरायच्या उंचवट्यावर, उजवा हात वर. टॉप रोपवर हीच मूव्ह मी गप्पा मारत करायचे. इथे मात्र पोटरी शिलाई मशीनसारखी थडथडायची, होल्ड उगाच आवळून हात भरून यायचे, आणि खालून कोरस सुरू, "काही नाही होत ना बाप्पा, जा नं वरती!"

अजून राग येतो. काही होत नाही हे मलाही ठाऊक होतं. कॅराबिनर, दोरी अडकवायची ती कडी, 20 किलोन्यूटनचं, म्हणजे साधारण दोन टनांचा ओढा सोसणारं. दोरी ताणून झटका जिरवणारी. पटलेलं होतं हो सगळं. पोटरीला कोण पटवणार?

शेवटी वर जायचा नाद सोडला आणि पडायचा सराव धरला. मुद्दाम पडायचं. आधी टॉप रोपवर हात सोडायचे. मग लीडवर क्लिप छातीशी असताना, मग कमरेशी, गुडघ्याशी, आणि शेवटी पायाखाली. एका टप्प्यावर कंटाळा येईस्तोवर पडायचं, मगच पुढचा. क्लिपच्या मीटरभर वर असलात तर दोन मीटर, वर दोरीचा ढील आणि ताण, एवढं खाली येता. पहिल्या एक-दोन क्लिपांवर हे अजिबात करू नका, जमीन जवळ असते. हेल्मेट घाला. पडताना दोरी पकडू नका, श्वास सोडा, गुडघे वाकवून भिंतीवर पाय टेका. आणि दोरी पायाच्या मागून गेलेली नाही ना, हे आधी बघा, नाहीतर उलटे व्हाल.

बिलेयर, म्हणजे खालून आपली दोरी सांभाळणारा, एकच ठेवा, कमी बोलणारा. माझ्या ताई फक्त "धरलंय" म्हणायच्या, आणि मी पडले की स्वतः किंचित उडी घ्यायच्या, म्हणजे झटका बसत नाही. कोरसवाल्यांना चहाला पाठवायचं कामही त्यांनीच केलं.

चौथी क्लिप खट्कन लागली त्या दिवशी मी टोकापर्यंत गेलेच नाही. आणखी दोन होल्ड चढले आणि तिथून हात सोडले, मजेत!

हो, उन्हाचं राहिलंच. आपल्या नागपुरात उघड्यावरची भिंत सकाळी लवकरच गाठा. नवतप्यात तर हा सराव नकोच. तळवे घामेजतात, चॉकची पूड कितीही लावली तरी होल्ड निसटतात, आणि आपण मात्र स्वतःला भित्रं ठरवून घरी येतो.