मेसेज गेला, पण कधी वाजला?

आमचा प्रयोग तसा सरळ होता. बसून काम करणाऱ्यांना ॲपवरून मेसेज टाकायचा, उठा, जरा चालून या, आणि पुढच्या अर्ध्या तासात किती पावलं पडली ते फोननेच मोजायचं. दिवसातून ५ वेळा मेसेज पाठवायचा की नाही हे ॲप रँडम ठरवतं, म्हणजे एकाच माणसाला कधी मेसेज मिळतो कधी नाही आणि तुलना त्याची त्याच्याशीच होते. याला मायक्रो-रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात, लोकांनी जास्त चालावं म्हणून असेच मेसेज पाठवणाऱ्या हार्टस्टेप्स नावाच्या अभ्यासात हीच पद्धत होती, आणि मला ती मनापासून आवडते.

त्या दिवशी पहिला डेटा उघडला तर मेसेज गेला काय नि नाही गेला काय, पावलं सारखीच! टीममधला एकजण म्हणाला, लोक कंटाळले असतील, लिहून टाकू परिणाम होत नाही म्हणून. मला काही ते पटेना कारण अजून लोकांशी कोणी बोललंच नव्हतं. संमतीपत्रात फोन करायची परवानगी घेतलेली होती, म्हणून बसले फोन लावत.

बहुतेकजण म्हणाले, हो येतात मेसेज, छान आहे. मग एक काका म्हणाले, "मॅडम, येतो ना मेसेज, पण मी उठून फोन हातात घेतला की मगच वाजतो. तेव्हा मी निघालेलोच असतो हो."

मी दोन मिनिटं गप्पच झाले. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० व्हर्जनपासून डोझ आहे, म्हणजे फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल तर बॅटरी वाचवायला साधे मेसेज अडवून ठेवले जातात, फोन हलला की सोडतात. आता फोन टेबलावर निपचित कधी पडलेला असतो? माणूस बसलेला असतो तेव्हाच! म्हणजे ज्याला उठवायचं त्याच्यापर्यंत मेसेज जातच नव्हता, तो आपणहून उठला की पोहोचत होता. सर्व्हरवर मात्र सगळीकडे 'पाठवला'.

चार्जिंगची नोंद आमच्याकडे होतीच. पाठवायच्या वेळी फोन चार्जिंगला होता तेवढेच प्रसंग वेगळे काढले, तर तिथे पावलांत फरक स्पष्ट दिसला. इतका आनंद झाला ना! लोक अजिबात कंटाळले नव्हते आणि आम्ही जवळजवळ तसंच छापणार होतो.

मग कोणीतरी सुचवलं की उशिरा पोहोचलेले मेसेज गाळून टाकू. याला मी ठाम नाही म्हटलं. उशीर कुणाला झाला? जो हललाच नाही त्याला. त्याला गाळलं की उरतात ते हालचाल करणारे, मग आकडा आपोआप छान दिसणार आणि रँडम वाटपाचा उपयोगच संपला. मेसेज वाटप झालं तसंच मोजायचं, पोहोचो न पोहोचो, यावर शेवटी सगळ्यांचं एकमत झालं.

नैतिकता समितीला बदल कळवून, मंजुरी घेऊन मग नवीन व्हर्जन काढलं. त्यात मेसेज हाय प्रायॉरिटीने जातो, म्हणजे डोझमध्येही अडवला जात नाही, आणि तो स्क्रीनवर दिसल्याची वेळ फोन स्वतः नोंदवतो. जुना आणि नवा डेटा वेगळाच ठेवलाय, एकत्र करणार नाही. आणि काही हँडसेटमध्ये कंपनीचा स्वतःचा बॅटरी सेव्हर असतो तो याच्याही वरचढ, त्यामुळे आता नाव नोंदवतानाच ते सेटिंग समोर बसून बघून घेतो.