माझा अनुभव: चार नऊ आणि लॅपटॉपचा पंखा

मालवणात बारावीच्या एका क्लासला मी सरावाचं पान करून दिलं. मुलांनी डेरिव्हेटिव्ह काढून उत्तर टाइप करायचं, पायथनमधल्या सिम्पायने (गणिताची लायब्ररी) माझ्या उत्तरातून ते वजा करायचं, शून्य आलं की बरोबर. टाइप केलेल्या मजकुराचं समीकरण करायला सिम्पायचंच सिम्पिफाय हे फंक्शन. एका ओळीत काम फत्ते.

जूनमधल्या एका दुपारी भाच्याची हाक आली, "मामा, ह्या बंद पडला." बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे मी सवयीने आधी लाइटवाल्यांना शिव्या घातल्या. पण लाइट होती. लॅपटॉपचा पंखा ट्रॉलरसारखा घरघरत होता. पठ्ठ्याने ९**९**९**९ टाकलं होतं, म्हणजे घातावर घात चढवलेले चार नऊ (** म्हणजे घात). तीन नवांचंच उत्तर जवळपास ३७ कोटी अंकी येतं. चौथ्याचं काय सांगू!

मग डॉक्युमेंटेशन वाचलं (आधी वाचायला हवं होतं, माहितेय). सिम्पिफाय आतून इव्हॅल वापरतं, जे दिलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवतं. म्हणजे कोणी फाइल पुसणारी ओळ लिहिली असती, तर तीही मुकाट चालली असती. सिम्पायचं दुसरं तसंच फंक्शन पार्स_एक्सप्र, त्याचीही तीच गत. बिल्टइन्स (पायथनची तयार फंक्शन्स) काढून टाकले, तरी रिकाम्या कंसापुढे टिंब आणि अंडरस्कोअर जोडत गेलं की सगळं परत हाताशी येतं. त्यात दोन रात्री गेल्या. पायथनचं लिटरल_इव्हॅल कोड चालवत नाही, नुसती आकड्यांसारखी साधी मूल्यं वाचतं, पण त्याला एक्सच चालत नाही!

शेवटी एएसटी, म्हणजे मजकुराची रचना झाडासारखी मांडणारं पायथनचं मॉड्यूल. त्याचं पार्स नुसतं झाड बांधतं, काही चालवत नाही. त्या झाडाची एकेक गाठ मी तपासतो: पूर्णांक, चार क्रिया, घात, उणे चिन्ह, एक्स, आणि साइन-कॉस-लॉग. बाकी काहीही दिसलं की नकार. टिंब तर मुळीच नाही. घातांक २० पर्यंत, मजकूर २०० अक्षरांपर्यंत. प्रत्येक आकडा सिम्पायच्या इंटिजरमध्ये घालतो, नाहीतर १/२ चे ०.५ होतात.

एक गंमत मात्र डोक्यातही आली नव्हती. एका मुलीने मराठी कीबोर्डवरून २ टाकला. तो सुरुवातीला असला तर पायथन एरर देतं. पण एक्सला मागून चिकटला की पायथनच्या लेखी ते एक्स२ नावाचं वेगळंच चल! यादीत नाव फक्त एक्स, म्हणून पकडलं गेलं. आता आधी देवनागरी अंक बदलून घेतो.

भाच्याने परवा परत चार नऊ टाकून पाहिले. "घातांक फार मोठा" एवढंच आलं. हिरमुसला बिचारा.