कोथरूडचा फ्लॅट आणि खरा भाव
आज बाबांसोबत कोथरूडमध्ये दिवसभर फिरले. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट विकायचाय. बाबांच्या मनातली किंमत शेजारच्या पुनर्विकास झालेल्या इमारतीवरून ठरलेली. पण तिथे लिफ्ट आहे, पार्किंग आहे; घेणारा आधी तिकडेच वळणार ना!

दुपारी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आमच्याच गल्लीतल्या जुन्या फ्लॅटांचे सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या विक्रीदस्तांचे उतारे, काढले. जाहिरातीत मागितलेला भाव आणि दस्तात नोंदलेला भाव, केवढं अंतर! रेडी रेकनरचा सरकारी दर तर मुद्रांक शुल्कासाठी असतो, त्यावरून बाजार कळत नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. पीएफ काढून घेतलेलं घर आहे हे. मग म्हणाले, "आपल्या सोसायटीत पुनर्विकासाचं कुठवर आलंय, ते सेक्रेटरींना विचार आधी."

उद्या सकाळीच जातेय.