बाजूला सरकणं

आज संध्याकाळी हॉलमधला टीपॉय भिंतीला लावला, सतरंजी गुंडाळली आणि स्लाइड बोर्ड, म्हणजे बाजूला घसरत व्यायाम करायचा गुळगुळीत पट्टा, पसरला. सहा फुटी, गुंडाळी होणारा, दोन्ही टोकांना बंपर आणि शूजवर चढवायचे निसरडे मोजे. आधी कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्यावा लागतो, कारण आमची बाल्कनी रस्त्यावर आणि पुण्यातली धूळ काय सांगायची, जरा बसली की पाय अडखळतो. मग वर उभं राहायचं. पाय आपोआप एकमेकांपासून लांब जायला लागतात आणि मांड्या आतून आवळून धराव्या लागतात, म्हणजे अजून ढकललंही नसतं तोवर व्यायाम सुरू.

मी कित्येक वर्षं पर्वती चढते, सुट्टीला तळजाईवर चालते, पायांत दम आहे माझ्या. पण चालणं, पायऱ्या, सायकल, सगळं पुढच्या दिशेने. बाजूला कोण जातं दिवसभरात? खुब्याच्या बाजूचा ग्लूट मीडियस हा स्नायू, एका पायावर उभं राहिलं की कंबर कलू न देणारा, त्याला आणि मांडीच्या आतल्या स्नायूंना एवढं थेट काम एरवी मिळतच नाही, आणि आज ते दोन्ही व्यवस्थित कळले मला.

करायचं असं, उजवा पाय बंपरला टेकवायचा, गुडघे वाकवायचे, त्याच पायाने जोरात ढकलायचं आणि वजन डावीकडे सोडून द्यायचं. सर्रर्र करत जातो आपण, मागचा पाय ओढत जवळ आणायचा, डावं पाऊल समोरच्या बंपरला लागलं की तिथूनच परत ढकलायचं. लागताना गुडघा ताठ नको, वाकलेलाच हवा, नाहीतर सगळा धक्का त्याच्यावर. सुरुवातीला वीस सेकंद सरकायचं आणि त्याच्या दुप्पट थांबायचं हे पुरे आहे, खरंच पुरे आहे, श्वास बघा कसा लागतो ते, आणि उड्या नाहीत त्यामुळे सांध्यांना दणके बसत नाहीत.

बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते. ते मंडळाकडून कबड्डीत उजवा कोपरा खेळायचे. म्हणाले, "अगं हे तर आमचं कोपऱ्यातलं सरकणं! बूड खाली ठेव, नजर समोर, आणि पाय एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत." मी म्हटलं बाबा असं? तर म्हणाले "अजून खाली." आणि खाली बसल्याबरोबर सरकणं लांब झालं! पाय वाकलेला असला की ढकलायला जास्त जागा मिळते ना, म्हणून. चढाईवाला डावीकडे-उजवीकडे करतो तेव्हा बचाववाल्याला असंच पाय न उचलता त्याच्याबरोबर जावं लागतं, हे मी लहानपणापासून मैदानाच्या कडेला बसून बघितलंय, पण ते अंगात कसं असतं ते आज समजलं.

स्पीड स्केटिंगवाले बर्फ नसताना ह्यावरच तयारी करतात. एरिक हायडन करायचा, त्याने १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंत पाचही शर्यतींची सुवर्णपदकं घेतली. ५०० आणि १०,००० एकाच माणसाने! मला हे वाचल्यापासून फार भारी वाटतंय. आपल्याकडे बर्फ कुठला, पण ती ताकद इथे फरशीवर कमावता येते.

बाबांना पण करून बघायचंय. त्यांच्या गुडघ्याचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे मी स्पष्ट सांगितलं की आधी फिजिओला विचारा, त्यांनी हो म्हटलं तर मी शेजारी खुर्ची धरून उभी राहीन. "विचारतो," म्हणाले, म्हणजे विचारतील.

उद्या मात्र सुट्टी, जांघेतला स्नायू ताणला गेला तर महिनाभर बसावं लागेल. परवा परत वीस सेकंदांचेच सेट, फक्त अजून खाली बसून.