काच मोजली, पेशी नाही

पहिल्या आठवड्यातल्या माझ्या आकड्यांवरून कर्करोगाची पेशी निरोगी पेशीच्या दुप्पट टणक ठरत होती. वाचलेले सगळे पेपर नेमकं उलट सांगत होते. मला उगाच वाटून गेलं, आपल्याला काहीतरी नवं सापडलंय. मॅडमनी ग्राफ पाहिला आणि एवढंच विचारलं, "पेशीवर कुठे दाबलंस?"

एमएस्सीचा प्रोजेक्ट होता. स्तनाच्या दोन सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) घेतल्या होत्या: एमसीएफ-१०ए ही निरोगी म्हणून आणि एमसीएफ-७ ही कर्करोगाची. दुसरी १९७० सालची. डेट्रॉइटमध्ये एका ननच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून या पेशी मिळाल्या होत्या. त्या बाई केव्हाच गेल्या आणि त्यांच्या पेशी आमच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर मजेत वाढताहेत. पहिल्यांदा डिश हातात घेताना जरा कसंसंच झालं. लाड मात्र निरोगी पेशींचेच जास्त. घोड्याचं सीरम, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिझोन आणि वर चिमूटभर कॉलराचं विषसुद्धा!

टणकपणा मोजायला एएफएम, म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. एक इवलीशी लवचीक पट्टी आणि तिच्या टोकाला ५ मायक्रॉनचा मणी. मणी पेशीवर टेकवून दाबायचा. पट्टी किती वाकली, ते तिच्या पाठीवरून परतणाऱ्या लेझरवरून कळतं. एक नॅनोन्यूटन जोर लावला की मणी साधारण अर्धा मायक्रॉन आत जातो. मग हर्ट्झचं सूत्र लावून यंगचा गुणांक, म्हणजे टणकपणाचा पास्कलमधला आकडा, काढायचा. हर्ट्झने हे गणित १८८०च्या दशकात काचेची भिंगं एकमेकांवर दाबली तर काय होतं, यासाठी केलं होतं. पेशी काही त्याच्या ध्यानीमनी नसणार.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पट्टी मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढतात त्या द्रवात, बुडवली की खाली बुडबुडा अडकायचा आणि लेझरचा ठिपका गायब व्हायचा. आधी पट्टीवरच मीडियमचा एक थेंब सोडायचा आणि मग खाली उतरवायची, ही युक्ती कळेपर्यंत दोन पट्ट्या मोडल्या. किंमत लिहीत नाही, घरचे वाचतात. शिवाय इमारतीची लिफ्ट हलली की मोजणीच्या कर्व्हवर काटे उभे राहायचे. म्हणून रात्री दहानंतर काम. वॉचमनकाका रोज विचारायचे, "ताई, अजून झालं नाही?"

तर मॅडमचा प्रश्न. मी एमसीएफ-७च्या कडेवर दाबत होते, कारण कड नीट दिसायची आणि मणी कुठे टेकतोय ते कळायचं. मधोमध पेशी पाच-सहा मायक्रॉन उंच, पण कडेला जेमतेम एक-दीड. त्यात मणी अर्धा मायक्रॉन आत गेला की खालची काच लागते. पातळ सतरंजीवर बसलं की फरशी टोचते, तसंच. उंचीच्या एक दशांशाहून जास्त आत जायचं नाही, हा नियम मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला होता. लिहून ठेवला होता, एवढंच.

मग सगळं पहिल्यापासून. दोन्हींना केंद्रकाच्या वरच दाबायचं, जोर तोच, वेगही तोच. वेगाचं मला नंतर कळलं: पेशी नुसती स्प्रिंग नाही, काकवीसारखी चिकटही आहे. झपकन दाबली तर जास्त टणक वाटते. मी दोन दिवस दोन वेगवेगळे वेग वापरले होते. एका डिशमध्ये सायटोकॅलसिन घातलं. त्याने पेशीला आकार देणारं ॲक्टिन या प्रथिनाचं जाळं मोडतं. अर्ध्या तासात आकडे धडाधड खाली आले, आणि माझा यंत्रावर खरा विश्वास त्या रात्री बसला.

आईला फोनवर सांगितलं, कर्करोगाच्या पेशी मऊ निघाल्या. ती म्हणाली, "काहीतरीच काय, मावशीची गाठ हाताला खड्यासारखी लागायची." बरोबरच होतं तिचं. तो टणकपणा मुख्यतः पेशींभोवती साचलेल्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा, एकेक पेशी मात्र मऊ. तिला काही ते पटलं नाही.

शेवटी प्रत्येकी साठ पेशी मोजून झाल्या. निरोगी पेशी साधारण दीडपट टणक, पण दोन्ही आलेखांचे उंचवटे एकमेकांत चांगलेच मिसळलेले. पास्कलमधला आकडा मी फार मिरवला नाही. २०१८ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी याच एमसीएफ-७ पेशी आपापल्या पद्धतींनी मोजल्या होत्या, तेव्हा उत्तरांत हजारपटीपर्यंत फरक निघाला होता. आपल्याच यंत्रावर, एकाच रीतीने केलेली तुलना, तेवढंच आपलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "एक पेशी दिली, तर कुठली ते सांगशील?"

"नाही सर. साठ दिल्यात तर प्रयत्न करीन."