सगळी भिस्त शेपटीवर

"काही करत नाही हो तो!" हे वाक्य ज्याच्या कुत्र्याने अजून काही केलेलं नाही, तोच म्हणू शकतो. लिफ्टचं दार उघडतं, आत पट्ट्याला बांधलेलं भलंथोरलं धूड उभं असतं, आपण दारातच थबकतो आणि मालक पुरावा सादर करतात, "शेपूट हलवतोय बघा!"

हलणारी शेपूट एवढंच सांगते, की कुत्र्याच्या मनात काहीतरी चाललंय. काय चाललंय ते उरलेल्या अंगाला विचारावं लागतं. कमरेपासून मागचा सगळा भाग डुलत असेल, तोंड सैल उघडं असेल, तर खुशाल आत शिरावं. पण शेपूट ताठ उभी, नुसता शेंडा थरथरतोय, तोंड गच्च मिटलेलं आणि अंगाचा भार पुढच्या पायांवर, असं असेल तर जिना बरा. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना आढळलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. आमच्या गल्लीत या ज्ञानाचा उपयोग शून्य. गावठी कुत्र्यांच्या शेपट्या जिलबीसारख्या पाठीवर वळलेल्या. डावं-उजवं ठरवणार कसं?

मला खरं कौतुक वाटतं ते कुत्र्यांच्या भिडस्तपणाचं. दोन समजूतदार कुत्री कधी नाकासमोर चालत एकमेकांवर येत नाहीत. जरा वळसा घेतात, मधेच जमीन हुंगतात, मान फिरवतात. उगाच जांभई देतात, जीभ काढून स्वतःचंच नाक चाटतात. झोप आलेली नसते आणि नाकाला काही लागलेलंही नसतं. तुरीद रुगास या नॉर्वेतल्या प्रशिक्षक बाईंनी असल्या खुणांची यादीच केली. त्यांच्या मते, वातावरण तापू नये म्हणून कुत्री हे करतात. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या बाकाखाली बसलेलं कुत्रं बघा, एकामागून एक जांभया देत असतं आणि शेजारचे काका म्हणतात, "कंटाळलाय बिचारा."

आणि ते फोटो! लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय, खाली शंभर बदाम. त्या कुत्र्याकडे कुणी बघतच नाही. मान पलीकडे वळवलेली, कान मागे चिकटलेले, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय. ते बिचारं केव्हापासून 'पुरे आता' म्हणतंय. मग एके दिवशी गुरगुरतं आणि गुरगुरल्याबद्दल फटका खातं. हा तर शुद्ध आडमुठेपणा. गुरगुरणं ही पूर्वसूचना. मार देऊन ती बंद पाडली, की पुढच्या वेळी थेट दातच.

बरं, जे नाही ते मात्र आम्हाला लख्ख दिसतं. उशी फाडली की म्हणे कुत्र्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव येतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासून २००९ मध्ये लिहिलं. खाऊला तोंड लावायचं नाही असं कुत्र्याला बजावायला लावून मालकाला बाहेर पाठवलं आणि तो परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं. तो 'अपराधी' चेहरा गुन्ह्यावर नाही, ओरडण्यावर ठरत होता. निर्दोष असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा तर जास्तच पडलेला!

आमच्या पेपरवाल्याने यातलं काही वाचलेलं नाही. पहाटे कुत्री सायकलमागे लागली, की तो पायडल मारायचं थांबवून सरळ उतरतो. सायकल मधे धरतो, त्यांच्या डोळ्यांत बघत नाही, आणि सावकाश चालू लागतो. दोन-चार वेळा भुंकून मंडळी पांगतात. भीती नाही वाटत का, असं विचारलं तर म्हणाला, "पळणाऱ्याच्या मागं लागतात ती. आपण उतरलो, की आता पुढं काय करायचं ते त्यांनाच कळत नाही."